ऑस्ट्रेलियातली मिनिटं आणि नागपुरातली टिकिटं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. परदेशातल्या वृद्धाश्रमाचं सॉफ्टवेअर नव्या कायद्याप्रमाणे लावून द्यायचं काम हाती आलं, तर क्लायंटकडे कायद्याची कागदपत्रं मागत बसू नका. ती नेटवर मिळतात. पदनामांची यादी मागा, पेरोलच्या (म्हणजे पगारपत्रकाच्या) कोडसकट, आणि ती हातात पडेपर्यंत कुणालाही तारीख कबूल करू नका.

मी आधी नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नर्स होते. आता परसोडीकडे एका छोट्या आयटी कंपनीत काम करते. आमचा क्लायंट म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या एका लहान गावात वृद्धाश्रम चालवणारी संस्था. सॉफ्टवेअर तिसऱ्याच कंपनीचं. म्हणजे कायदा त्यांचा, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं आणि बोलणी खायला आम्ही.

तिकडे वृद्धसेवेतल्या हेळसांडीवर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं, त्याचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यानंतर नियम एकामागून एक बदलत गेले, आणि १९९७ चा जुना कायदा जाऊन नवा आला. तो १ जुलै २०२५ पासून लागू व्हायचा होता, मग १ नोव्हेंबरवर गेला. तारीख पुढे ढकलल्याची बातमी आली त्या सकाळी आमच्याकडे तर्री पोहे मागवले गेले. चार महिने मिळाले म्हटल्यावर आता काय, निवांत!

बरंचसं काम खरोखर निवांत झालं. गुणवत्तेची मानकं आठाची सात झाली, त्याप्रमाणे फॉर्म बदलले. केअर प्लॅनचे नमुने बदलले. गंभीर घटना नोंदवायचा भाग तर मला आवडलाच. मारहाण, हेळसांड, अचानक मृत्यू, रहिवासी बेपत्ता होणं, अशा आठ प्रकारच्या घटना सरकारला कळवाव्या लागतात. त्यातल्या गंभीर घटना कळल्यापासून २४ तासांच्या आत, बाकीच्या ३० दिवसांत. सॉफ्टवेअर घड्याळ लावून देतं आणि मॅनेजरच्या मागे लागतं. आमच्या वॉर्डात असं काही असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

अडलं ते केअर मिनिट्सपाशी.

नियम ऐकायला सोपा आहे. प्रत्येक रहिवाशाला रोज सरासरी २१५ मिनिटं प्रत्यक्ष सेवा मिळाली पाहिजे, त्यातली ४४ रजिस्टर्ड नर्सची. ऑक्टोबर २०२४ पासून हा आकडा आहे, त्याआधी २०० आणि ४० होता. २१५ ही देशाची सरासरी. रहिवाशांच्या गरजा पाहून प्रत्येक आश्रमाचं उद्दिष्ट वेगळं ठरतं. सेवा देणाऱ्यांनी केलेली एकूण मिनिटं भागिले भरलेल्या खाटांचे दिवस (रोज किती खाटा भरलेल्या होत्या त्याची बेरीज), एवढंच गणित. दर तिमाहीला ते आर्थिक अहवालातून सरकारकडे जातं आणि त्यावरून आश्रमाला रेटिंगचे तारेही मिळतात.

पण 'सेवा देणारे' कोण? नर्स धरायची, आंघोळ घालणारी, जेवू घालणारी माणसं धरायची. स्वयंपाकी, धोबी, सफाईवाले नाही. भजन-खेळ घेणारेही नाही. रजा नाही, ट्रेनिंगचे तास नाहीत. आणि लहान गावातल्या आश्रमात एकच बाई सकाळी आजोबांना आंघोळ घालते, दुपारी त्यांच्यासाठी सूप करते आणि जाताना चादरी मशीनमध्ये टाकते.

आमचा डेव्हलपर मूळचा वर्ध्याचा. तो रोस्टर बघून म्हणाला, "ताई, ही बाई आंघोळ बी घालून राहिली अन् सैपाक बी करून राहिली. हिले कोणत्या खान्यात टाकू?"

हाच प्रश्न मी तिकडच्या मॅनेजरला विचारला. तिने पेरोलकडे बोट दाखवलं. पेरोल दुसऱ्या शहरात. ते म्हणाले, आमच्याकडे या बाईचा एकच कोड आहे आणि पगार बरोबर जातो. सॉफ्टवेअर कंपनीला टिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली, तर उत्तर आलं की एका कर्मचाऱ्याला एकच पदवर्ग देता येतो, 'सिस्टीम अपेक्षेप्रमाणे चालत आहे.' अपेक्षा कुणाची, हे काही लिहिलं नव्हतं.

हा फरक किरकोळ वाटत असेल तर आकडे बघा. समजा ४० रहिवासी आहेत. रोजची ८६०० मिनिटं भरायची. अशा दुहेरी कामाच्या सात बाया आहेत आणि प्रत्येकीचे तीन तास स्वयंपाकघरात जातात. ती १२६० मिनिटं सेवेत धरली तर माणशी साडेएकतीस मिनिटं फुकटची वाढतात. आणि सातही जणींना स्वयंपाकी म्हणून टाकलं, तर त्यांनी खरोखर केलेली सेवा गायब होते. दोन्हीकडून अहवाल खोटाच.

मी हे गणित टिकिटात लिहिलं. टिकीट त्यांच्या सपोर्टच्या पुढच्या पातळीवर गेलं. पुढच्या पातळीने पहिल्या पातळीने विचारलेलेच प्रश्न विचारले. वर त्यांचा नियम असा, की ग्राहकाकडून काही दिवस उत्तर आलं नाही की टिकीट आपोआप बंद. त्यांचा प्रश्न नेमका आमच्या दिवाळीत आला. भाऊबीज आटोपून ऑफिसात येते तर टिकीट बंद, आणि खाली हसरा चेहरा: 'तुमची समस्या सुटल्याचा आनंद आहे.' नवीन टिकीट टाकलं तर ते परत पहिल्या पातळीवर. तिमाहीचा अहवाल नोव्हेंबरच्या सुरुवातीला द्यायचा, आणि त्याच आठवड्यात व्हिक्टोरियात मेलबर्न कपची सुट्टी. घोड्यांची शर्यत आहे म्हणून अख्खं राज्य बंद! इकडे आम्ही पहाटे चारच्या कॉलला चहा न घेता बसतोय, आणि पलीकडून 'नंतर बोलू'.

शेवटी तोडगा मीच काढला, आणि त्याचा मला अभिमान आहे. कर्मचाऱ्याला दोन पदवर्ग देता येत नसतील, तर शिफ्टचे दोन तुकडे करायचे. सात ते बारा सेवा, बारा ते तीन स्वयंपाकघर. माणूस तोच, ओळी दोन. वॉर्डात आम्ही ड्यूटी रजिस्टर असंच लिहायचो. पहिल्या चाचणीत पेरोलने दोन शिफ्ट समजून जेवणाची सुट्टी दोनदा कापली, तेव्हा तिकडून जो मेल आला तो इथे देण्यासारखा नाही. जोडशिफ्टचा नियम, म्हणजे लागून आलेल्या दोन ओळी एकच शिफ्ट धरायच्या, असा टाकल्यावर ते सुटलं. मॅनेजरकडून प्रत्येक दुहेरी पदासाठी लेखी घेतलं की किती वेळ कुठे, आणि कशावरून. तपासणीला कुणी आलं तर तो कागद दाखवायचा. सॉफ्टवेअरचा स्क्रीन पुरत नाही.

बरं, हे आत्ता आठवलं म्हणून सांगते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिकडे पहाटे दोनला घड्याळ एक तास पुढे करतात. त्या रात्रीची दहा ते सहाची शिफ्ट आठ नाही, सात तासांची होते. तुमचं सॉफ्टवेअर त्या रात्री किती मिनिटं मोजतं ते चाचणीतच बघा. एप्रिलमध्ये उलटं. आणि घटना कळवायचं २४ तासांचं घड्याळ सर्व्हरच्या वेळेवर चालतं की आश्रमाच्या, हेही विचारून घ्या. तासाचा फरक कॉललाही लागतो. ऑक्टोबरपासून पाचचा कॉल चारचा होतो. घरी आधी सांगून ठेवा.

अजून एक. सरकारी पोर्टलवर आपल्याला इथून लॉगिन मिळेल या भरवशावर राहू नका. तिथे ओळख तिकडच्या माणसाची लागते, त्यामुळे आकडे भरून शेवटचं बटण दाबणारा माणूस संस्थेकडूनच ठरवून घ्या, आणि तो रजेवर गेला तर दुसरा कोण, तेही. चाचणीसाठी खऱ्या आजी-आजोबांची नावं असलेली फाईल कुणी मेलवर पाठवली तर उघडू नका, परत पाठवा. आमच्याकडे दोनदा आली.

अहवाल वेळेत गेला. दोन पदवर्गांची सोय 'भविष्यातील आवृत्तीत विचाराधीन' आहे असं सॉफ्टवेअर कंपनीने कळवलंय. तोवर आमच्या जोडशिफ्टवर आश्रमाचं चाललंय, आणि सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या दुसऱ्या एका ग्राहकालाही तीच युक्ती सांगितली असं कानावर आलं. पुढचा आश्रम याच संस्थेचा, शेजारच्या गावातला. त्याची पदनामांची यादी मी मागितली आहे. अजून आलेली नाही, आणि मी तारीख दिलेली नाही.