तुम्ही विचारलंत म्हणून: जकार्तातल्या पोरांची गुळाची कॉफी

इंडोनेशियातल्या तरुणांचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. तिकडची मुलंमुली तळाशी तपकिरी, मध्ये पांढरी अशी जी गार कॉफी सतत हातात घेऊन दिसतात, ती कशाची असते आणि आपल्याकडे घरी जमते का?

जमते. तिचं नाव एस कोपी सुसू गुला आरेन. बर्फ, कॉफी, दूध आणि आरेन नावाच्या ताडवर्गातल्या झाडाच्या नीरेपासून केलेला गूळ, एवढाच ऐवज. तिची गंमत मात्र हिशोबात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी जकार्तात कॉलेजच्या पोरासमोर दोनच वाटा होत्या: सायकलवर थर्मास आणि पुड्यांच्या माळा लावून फिरणाऱ्याकडची पाकिटातली गोड कॉफी, नाहीतर मॉलमधली परदेशी साखळीची महागडी. 2015 साली दक्षिण जकार्तातल्या चिपेते भागात ‘तुकू’ हे छोटं दुकान निघालं आणि त्याने मधली जागा पकडली. 2017 मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष जोको विडोडो तिथे कॉफी प्यायला गेले आणि नाव देशभर झालं. त्याच वर्षी ‘कोपी केनांगान’, पुढच्या वर्षी ‘जांजी जिवा’ अशा साखळ्या आल्या. बसायला जागा जवळपास नाही, म्हणून भाडं कमी. ग्लास मोटारसायकलवरून घरपोच. किंमत तेव्हा 18 हजार रुपियांच्या आसपास, म्हणजे आजच्या दराने आपले साधारण शंभर रुपये. ग्लास घेऊन कुठेही नोंगक्रोंग करत बसायचं, म्हणजे आपलं कट्ट्यावर बसणं.

या किमतीत परवडावं म्हणून कॉफी बहुतेक वेळा रोबस्टा या कडक जातीची, आणि इंडोनेशियात पिकतेही मुख्यतः तीच. कडू, जाड, दूध-बर्फाखाली न दबणारी. त्यामुळे कुणी महागडी, हलकी भाजलेली अरेबिका, म्हणजे कॉफीची दुसरी जात, आणली की मी आधीच सांगते, पैसे वाया जाणार. तिचा आंबटपणा गुळाशी भांडतो आणि पेय पाणचट लागतं. कुर्गची रोबस्टा आणा, गडद भाजलेली. फिल्टर कॉफीची पावडर घेणार असाल तर चिकोरी नसलेली बघून घ्या. चिकोरीची जळकट गोडी गुळाचा वास खाऊन टाकते.

खरं काम गुळाच्या पाकाचं. गूळ 250 ग्रॅम, पाणी 150 मिली, चिमूटभर मीठ. तिकडे पांदानचं पान गाठ मारून टाकतात. भाताला वास यावा म्हणून आपल्याकडे परसात लावतात तेच हे पान, मिळालं तर एक टाका. गूळ बारीक चिरून मंद आचेवर विरघळवा आणि लगेच गाळा, कारण ताडवर्गातल्या गुळात तंतू आणि बारीक कचरा असतोच. मग पुन्हा चार-पाच मिनिटं उकळा. इथेच बहुतेकांचं चुकतं: गरम पाक पातळ दिसतो म्हणून आटवत राहतात. गरम असताना तो तेलासारखा वाहायला हवा, गार झाल्यावर आपोआप दाटतो. एकतारी झाला तर बर्फाला लागताच तळाशी गोळा होतो आणि स्ट्रॉ तुंबते. कमी उकळला तर पाणचट राहतो, लवकर आंबतो. नीट जमलेला पाक स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो.

आरेनचा गूळ इथे सहज मिळत नाही. सगळ्यात सोपा पर्याय गोव्याचा माडाचा गूळ. म्हापशाच्या बाजारात मिळतो. तो किंचित खारट असतो, म्हणून पाकात मीठ घालू नका. वनस्पतीच्या नात्याने आरेनला जवळचा आपला भेरली माड, आणि त्याच झाडाचा श्रीलंकेतला कितुल पाक बाटलीत मिळाला तर उकळायचंही काम वाचतं. कोल्हापुरी उसाच्या गुळाने कॉफी वाईट होत नाही, पण धुरकट, टॉफीसारखी चव येत नाही.

आता ग्लास. साडेतीनशे मिलीच्या ग्लासात तळाशी 25 मिली पाक, त्यावर पाऊण ग्लासापर्यंत बर्फ, मग 120 मिली फ्रिजमधलं सायीचं दूध आणि शेवटी 40 मिली कडक कॉफी बर्फावरून हळूच. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कडक कॉफी काढायचं भांडं, असेल तर उत्तम. नसेल तर 40 मिली गरम पाण्यात दोन छोटे चमचे इन्स्टंट. कॉफी ओतण्याआधी पाच मिनिटं निवू द्या, नाहीतर निम्मा बर्फ तिथेच वितळतो. कंडेन्स्ड मिल्क घालायचं तर एक चमचा पुरे, आणि पाक 15 मिलीवर आणा.

दूध फाटेल का, हे गुळाचा चहा केलेल्या प्रत्येकाला वाटतं. गुळातलं आम्ल आणि क्षार उष्णतेबरोबर दुधाला फाडतात. इथे दूध आणि पाक दोन्ही गार असल्यामुळे ती भीती फारशी राहत नाही. याच पाकाने गरम कॉफी करायला गेलात तर मात्र राहते. फोटो काढून झाला की ढवळा. न ढवळता प्यायलात तर आधी निव्वळ कडू आणि शेवटी निव्वळ पाक.

2020 च्या टाळेबंदीत तिकडे हीच कॉफी लिटरच्या बाटलीत विकायला लागले. घरी पाहुणे येणार असतील तर तो मार्ग सोयीचा: 220 मिली पूर्ण गार केलेली कॉफी, 640 मिली दूध, 140 मिली पाक. बर्फ बाटलीत नाही, ग्लासात. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते. तिसऱ्या दिवशी संपवा, कारण दूध त्यापुढे साथ देत नाही.