रीसेट मारू नका, येतोय

कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल दुरुस्तीचं माझं दुकान आहे. ‘स्टोरेज फुल’ झालेले जुने फोन रोज येतात आणि बहुतेकांचं काम दहा मिनिटांत होतं. गुड मॉर्निंगची चित्रं, लग्नातले लांबच लांब व्हिडिओ, तेच गॅलरीतनं पाठवल्यावर व्हॉट्सॲपच्या ‘सेंट’ फोल्डरात साठत गेलेल्या प्रती. एवढं झाडून काढलं तरी फोन हलका होतो. गेल्या पावसाळ्यात सुभाषनगरातले एक चप्पल कारागीर आले, त्यांचं काम मात्र मला अजून विसरता येत नाही.

वडिलांच्या वयाचे आहेत, मी मामा म्हणतो. एका हातात नवा कोरा फोन, दुसऱ्या हाताच्या मुठीत मेमरी कार्ड.

‘‘भावा, ह्यो फोन कार्डच घेईना बघ की.’’

कार्ड घातलं. ‘कार्ड खराब आहे, वापरायचं असेल तर फॉरमॅट करा’ अशा अर्थाची सूचना आली.

‘‘मामा, हे फॉरमॅट दाबलं नाही न्हवं?’’

‘‘न्हाई. म्हटलं, आधी तुला दावावं.’’

फॉरमॅट म्हणजे कार्ड पुसून कोरं करणं. त्या एका शहाणपणानं पुढचं सगळं वाचलं. कार्डात काय आहे विचारलं तर म्हणाले, ‘‘पावलं हाईत.’’

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक सुभाषनगरात येऊन माप देऊ शकत नाही. ते घरीच कागदावर पाय ठेवतं, पेन्सिल फिरवतं, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवतं. डावा-उजवा पाय सारखा नसतोच. कुणाचा अंगठा आत वळलेला, कुणाला पट्टा सैल लागतो. तेही कागदाच्या कडेला लिहिलेलं असतं. कापशी चपलेची मागणी असो की साध्या पायताणाची, मामा त्या फोटोवरनं कातडं कापतात. सहा वर्षांची पावलं त्या कार्डात होती.

जुना फोन 8 जीबीचा, अँड्रॉइड 6 वरचा. त्यातली निम्मी जागा सिस्टीमच खाते. व्हॉट्सॲपवर फोटो उतरेनात, तेव्हा पुतण्यानं 32 जीबीचं कार्ड टाकून दिलं होतं. कार्ड टाकल्यावर अँड्रॉइड विचारतो, पोर्टेबल, म्हणजे काढून दुसरीकडं लावता येईल असं वापरायचं, की इंटर्नल, म्हणजे फोनाच्याच साठवणीचा भाग म्हणून? 2015 साली अँड्रॉइड 6 आला, तेव्हापासून ही सोय आहे. पुतण्यानं इंटर्नल दाबलं, फोनातला साठाही कार्डावर हलवला. जागेचा प्रश्न खरंच मिटला. पण इंटर्नल केलेलं कार्ड नुसतं साठवणीचं राहत नाही. फोन त्यावरचं सगळं कुलूपबंद करतो आणि त्याची 128 बिटांची किल्ली स्वतःच्या पोटात ठेवतो. ते कार्ड दुसऱ्या फोनात, कॉम्प्युटरात, कुठंही घाला, रद्दीच दिसणार. पुतण्याला मी दोष देत नाही. त्या दोन शब्दांमागं एवढं काय दडलंय, हे तो पडदा कुणाला नीट सांगतच नाही.

‘‘मामा, जुना फोन कुठाय?’’

‘‘काल एक्स्चेंजला दिला की. फोटो कार्डात हाईत म्हटल्यावर फोन ठिवून काय करायचा?’’

माझ्या पोटात गोळा आला. एक्स्चेंजला आलेला फोन दुकानवाले रीसेट मारतात, आणि मारायलाच पाहिजे, नाहीतर आधीच्या मालकाचं सगळं पुढच्याच्या हाती जाईल. पण हा फोन रीसेट झाला असता तर किल्ली गेली असती. मग कार्ड धडधाकट असूनही त्यातलं एक पाऊल कुणाला काढता आलं नसतं. डेटा काढून देणारे लोकही अशा वेळी हात टेकतात.

बिलावरच्या नंबराला फोन लावला. पोरगा म्हणाला, कालचे सगळे फोन दुपारी एकदम रीसेट करणार आहे. ‘‘त्याला हात लावू नका. रीसेट मारू नका, येतोय,’’ एवढं बोलून मामांना मागं बसवलं. परीख पुलाखाली पावसाचं पाणी साचलेलं, गाडी पहिल्या गिअरवर काढली आणि शाहूपुरीत पोहोचलो. फोनचे 600 रुपये वजा केले होते, तेवढे मामांनी काउंटरवर ठेवले. पोरानं ड्रॉवरमधून फोन काढून दिला.

फोन चालू होता. कार्ड गायब असल्याची तक्रार करत होता, आणि सेटिंगमध्ये त्या कार्डाच्या नावाखाली ‘फर्गेट’चा पर्याय तयार होता. तो दाबला तरी किल्ली जाते. मी काही न दाबता फोन बंद केला, दुकानात आणून चार्जिंगला लावला, कार्ड जागेवर बसवलं आणि मग चालू केला. गॅलरीत आधी नुसते करडे चौकोन आले. मामा काउंटरवरनं वाकून बघत होते. मग एका चौकोनात वहीचा कागद उमटला, त्यावर पेन्सिलीनं काढलेलं पाऊल.

‘‘ह्यो नागपूरचा,’’ मामा म्हणाले. नाव वाचायच्या आधीच.

लॅपटॉपला केबल लावली. 14 जीबी माल, कार्ड संथ, त्यात कॉपी दोनदा मधेच थांबली. शेवटी एकेक फोल्डर घेत गेलो. दुपार उलटली. मामांनी तोवर माझ्या चपलेचा उसवलेला अंगठा बघितला आणि पिशवीतलं दाभण काढून शिवायला घेतला. पैशाचं नाव काढू दिलं नाही.

नव्या फोनसाठी 64 जीबीचं कार्ड दिलं, पण दुसऱ्या दिवशी. आधी ते काठोकाठ भरून परत वाचून तपासलं. बाजारात अशी बनावट कार्डं येतात की फोनला 64 सांगतात आणि आत चिप 8 ची असते. आठाच्या पुढं भरलेलं सगळं बुडतं, आणि ते महिन्यांनी कळतं. हे कार्ड पोर्टेबलच ठेवलं. कॅमेऱ्याचे फोटो थेट कार्डात जातील असं केलं. व्हॉट्सॲपचा साठा फोनातच राहतो, म्हणून महिन्यातून एकदा ‘इमेजेस’ फोल्डर कार्डावर कसा कॉपी करायचा, ते मामांच्या हातानंच करवून घेतलं. पुतण्याच्या कॉम्प्युटरात एक प्रत वेगळी, कारण कार्ड न सांगताही मरतं.

ज्यांच्या फोनात ॲपलाच जागा नाही, त्यांना मी अजूनही कार्ड इंटर्नल करून देतो. तेव्हा कार्ड ए1 छापाचं, म्हणजे ॲप चालवण्याजोग्या वेगाचं, घ्यायला लावतो, संथ कार्डानं फोन रखडतो. आणि मागच्या झाकणाच्या आत पट्टी चिकटवतो, मार्करनं लिहिलेली: ‘कार्ड काढू नका. फोन विकायच्या आधी या.’

कॉपी झाली त्या संध्याकाळी मामांनी मागणीची वही काढली. एकेक नाव वाचायचे, मी लॅपटॉपवर फोटो दाखवायचा, ते बरोबरची खूण करायचे. तीन नावांचे फोटो सापडले नाहीत. नवा फोन घ्यायच्या आदल्या आठवड्यात जुन्याची आतली जागा पुन्हा भरली होती, तेव्हा ते उतरलेच नव्हते. मामांनी माझ्याच काउंटरवरून तिघांना फोन लावले. ‘‘ताई, कोल्हापुरातनं बोलतोय. पाऊल परत एकदा कागदावर ठेवा बघू. आणि मोजपट्टी इसरू नगा.’’