स्ट्रेस टेस्ट लावली की हार्ड डिस्क का रखडत होती

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकांनी घरातली जुनी मोडी कागदपत्रं स्कॅन करायला घेतली आणि त्यांचा कॉम्प्युटर तपासायचं काम माझ्याकडे आलं. असे कागद ज्या मशीनवर जाणार, ते भरवशाचंच हवं. म्हणून आधी स्ट्रेस टेस्ट लावली, म्हणजे मशीनवर मुद्दाम पूर्ण ताण देऊन पाहिला: प्रोसेसर आणि मेमरी राबवणाऱ्या प्राइम९५ ची ब्लेंड टेस्ट आणि तिच्याबरोबर डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क. एरवी सेकंदाला १८० एमबीच्या आसपास वाचणारी हार्ड डिस्क थेट २०-२५ वर आली.

सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानदाराने नुसतं ऐकूनच निकाल दिला, "डिस्क गई समझो, नई डलवा लो." काकाही तयार झाले होते. मी म्हटलं, "थांबा काका, आधी आकडे बघू."

मे महिना होता, म्हणून पहिला संशय डिस्कच्या तापमानावर. ते ४४ अंशांवर होतं, म्हणजे ठीक. डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि सी५ (संशयित सेक्टर) दोन्ही शून्य. सी७ मध्ये मात्र आकडा होता. केबलमधून जाताना डेटा बिघडला की हा वाढतो आणि केबल बदलली तरी पुन्हा शून्यावर येत नाही. त्यामुळे नुसता आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही, तो वाढतोय का ते बघायचं. मी टेस्टच्या आधी लिहून ठेवला, नंतर ताडून पाहिला. तसाच होता. केबलही संशयातून सुटली.

मग टेस्ट चालू ठेवूनच विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडला, डिस्क कोण वापरतंय ते बघायला. डिस्कच्या टॅबमध्ये सगळ्यात वर पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल), आणि तीही याच हार्ड डिस्कवर! छोट्या एसएसडीवर जागा राहावी म्हणून कुणीतरी पूर्वी ती डी ड्राइव्हवर हलवली होती. रॅम ८ जीबी. ब्लेंड टेस्ट मुद्दामच बरीचशी मेमरी व्यापते, मग विंडोज बाकीचा माल पेजफाइलमध्ये ढकलतं आणि लागेल तसा परत ओढतं.

हार्ड डिस्कला हे झेपत नाही, त्यात तिचा दोष नाही. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे) डिस्कचा एक फेरा साधारण ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे योग्य जागा हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी ४ मिलिसेकंद, शिवाय हेड सरकायला आणखी ८-९. सेकंदात अशा जेमतेम ७५-८० उड्या होतात. प्रत्येक उडीत ४ केबी धरले तर सेकंदाला ३०० केबीच्या आसपास! हेड बिचारं टेस्टची फाइल आणि पेजफाइल यांच्यामध्ये धावत होतं, सलग वाचायला त्याला उसंतच नव्हती.

खात्री करायला ब्लेंडऐवजी प्राइम९५ चीच स्मॉल एफएफटी टेस्ट लावली. ती प्रोसेसरच्या कॅशमध्येच (त्याच्या आतल्या छोट्या मेमरीत) फिरते, रॅम जवळपास खात नाही. प्रोसेसर पूर्ण तापला तरी डिस्क १७५ च्या वर टिकून राहिली, तेव्हा फार बरं वाटलं.

व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमधून पेजफाइल एसएसडीवर परत नेली, मशीन रीस्टार्ट केलं आणि ८ जीबीची आणखी एक रॅम टाकली. आता मी प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क आधी वेगवेगळे तपासतो, एकत्र टेस्ट शेवटी. काकांच्या मशीनवर ती रात्रभर चालली, सी७ हलला नाही. नव्या डिस्कचे पैसे वाचले नाहीतच, कारण मी काकांना ती घ्यायलाच लावली: स्कॅनची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.