सैल कातडी आणि तेलाचा प्रश्न
आज सकाळी पर्वती चढताना पुढच्या दोन ताईंचं बोलणं कानावर पडलं. ३० किलो उतरले, आता पोटाची लोंबणारी कातडी आवळायला कुठलं तेल लावू, असं एक दुसरीला विचारत होती. दिवसभर तेच डोक्यात आहे.

तेलाने ती आवळत नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या त्वचेतले इलॅस्टिनचे, म्हणजे तिला लवचिक ठेवणारे धागे तुटतात आणि मोठ्या वयात ते नीटसे पुन्हा तयार होत नाहीत. आधी चिमटीत धरून बघा. हाताच्या पाठीसारखी पातळ लागली तर नुसती कातडी, जाड लागली तर खाली चरबी अजून आहे.

खरा त्रास घडीचा. पुण्याच्या पावसाळ्यात पोटाखाली घाम साचतो, कातडीला कातडी घासते, लाल होते, वास येतो, मग बुरशी. आंघोळीनंतर टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. घडी उचलून पंख्याखाली दोन मिनिटं सुकू द्या. मग जुन्या सुती साडीची मऊ पट्टी आत ठेवा, ओली झाली की लगेच बदला. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइड असलेलं मलम मात्र कृपा करून आणू नका. खाज दोन दिवसांत थांबते, पण त्वचा आणखी पातळ होते आणि बुरशी पसरत जाते.

ही सैल कातडी काढायचं ऑपरेशन करायचं तर वजन किमान ६ महिने स्थिर हवं, हिमोग्लोबिन आणि प्रथिनं जागेवर हवीत. सिगारेट किमान ४ आठवडे आधी बंद, नाहीतर जखम भरत नाही. नंतर साधारण ६ आठवडे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही.