पहिल्या वर्षीच्या गौरी

‘यजमान गेले त्याच वर्षी तुम्ही गौरी बसवल्यात म्हणे. चालतं का तसं? आणि जमलं कसं तुम्हाला?’ हे मला बऱ्याच जणी विचारतात. कुणी भाजी घेताना थांबवून, कुणी फोनवर. फोनवर विचारणारीचा आवाज बहुतेक वेळा बसलेला असतो, कारण तिच्याही घरात नुकतंच कुणी गेलेलं असतं आणि श्रावण संपत आलेला असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं नीट सांगते.

आधी ‘चालतं का’. सुतक दहा दिवसांचं. तेरावं झालं की घर पूजेला मोकळं होतं. लग्न, मुंज, वास्तू असली कार्यं त्या वर्षात बहुतेक लोक टाळतात. गौरी मात्र कुळाचारात येतात. आमचे गुरुजी म्हणाले, ‘आरास नको, रोषणाई नको, गावभर आमंत्रणं नकोत. पण आवाहन, पूजन, नैवेद्य आणि विसर्जन एवढं करा.’ काही घरांत पहिल्या वर्षी गौरी भावकीतल्या दुसऱ्या घरी बसवतात, काही घरांत वर्षभर देवाला नुसता दिवा लावतात. त्यांचंही चूक नाही. घरातल्या माणसांना काय झेपेल ते त्यांनाच ठाऊक.

आमच्या घरात हे ठरवलं सासूबाईंनी. हे गेले 2022 च्या जूनमध्ये, अचानक, हृदयविकारानं. आम्ही सांगली जिल्ह्यातले. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं त्याच वर्षीच्या मे महिन्यात ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. महिना संपायच्या आत राज्य सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं होतं. ते सगळं आमच्याकडे पेपरात वाचून झालं होतं, त्यावर जेवताना बोलणंही झालं होतं. हे तेव्हा म्हणाले होते, ‘चांगलं झालं, फार उशिरा झालं.’ त्यानंतर काही आठवड्यांतच ती वेळ आपल्याच घरावर येईल असं कुणाच्या मनात आलं असेल? अंगणात बायका जमल्या, कुणीतरी माझा हात धरला, तेव्हा आई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘हिच्या बांगड्यांना हात लावायचा नाही. माझा लेक गेलाय, मी सांगते.’ ऐंशीला टेकलेली बाई. पुढे कुणी काही बोललं नाही.

नंतरचे दोन-अडीच महिने भेटायला येणाऱ्यांचे गेले. येणारा प्रत्येक जण मायेनंच येत होता. पण प्रत्येकाला तेच सांगायचं: रात्री किती वाजता दुखायला लागलं, दवाखान्यात कधी पोचलो, डॉक्टर काय म्हणाले. सांगून सांगून माझ्या डोक्यात त्यांची ती शेवटची रात्रच उरली. बावन्न वर्षं जगलेला माणूस, त्याच्याबद्दल एका रात्रीपलीकडे कुणी काही विचारत नव्हतं आणि मलाही दुसरं काही आठवेनासं झालं होतं.

त्या वर्षी गौरी 3 सप्टेंबरला यायच्या होत्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात, त्यामुळे आपल्या सोयीनं पुढेमागे करता येत नाही. आठवडाभर आधी आई म्हणाल्या, ‘डाळ निवडायला घे.’ बस, एवढंच. मी ताट मांडीवर घेऊन बसले.

धाकटे दीर आणि जाऊबाई पुण्याहून आले. पहिल्या दिवशी आमच्याकडे शेपूची भाजी आणि भाकरी असते, ती जाऊबाईंनी उरकली. हळदीकुंकवाची पावलं लेकीनं काढली, ‘गौर आली, कशाच्या पावलांनी आली’ हे कुणाच्याच घशातून नीट निघालं नाही, पण गौरी आत आल्या.

दुसरा दिवस पुरणाचा. पुरण हे काम उभ्या उभ्या, मन दुसरीकडे ठेवून होत नाही. डाळ दोन बोटांत दाबली की तिचं पीठ झालं पाहिजे. कणी राहिली तर पोळी फाटते. मग ती चाळणीत उपसायची, खाली आमटीसाठी कट धरायचा, गूळ घालून पुन्हा चुलीवर चढवायची. गूळ विरघळला की सगळं पातळ होतं, नवशिकीला वाटतं बिघडलं. थांबायचं. हलवत राहायचं. मध्येच फुटून अंगावर उडतं, चटका बसतो. उलथनं मधोमध उभं केलं आणि ते पडलं नाही की उतरवायचं. आणि गरम असतानाच वाटायचं, गार झालं की घट्ट होऊन यंत्रात अडकतं.

हे वाटायचं काम लग्न झाल्यापासून यांचं होतं. आमचं पुरणयंत्र जुनं, पितळी, दांड्याचं. बनियनवर बसायचे, यंत्र पायात धरायचे, आणि दर चार फेऱ्यांनी बोटावर पुरण घेऊन ‘गूळ कमी पडलाय’ म्हणायचे. नैवेद्याच्या आधी चव घेतात म्हणून आई दरवर्षी रागवायच्या आणि दरवर्षी त्यांच्यासाठी वाटीभर पुरण बाजूला काढायच्या.

त्या दिवशी पातेलं उतरवलं आणि मी, आई, जाऊबाई, तिघी त्या यंत्राकडे बघत राहिलो. यंत्र काढून ठेवलं होतं, पण बसायचं कुणी याचा विचार कुणीच केला नव्हता. तेवढ्यात माझा मुलगा आला, खाली बसला, यंत्र पायात धरलं. आईंनी त्यात पुरण घातलं. दोन-चार फेऱ्या झाल्या आणि तो म्हणाला, ‘आजी, बाबा म्हणाले असते गूळ कमी पडलाय.’

आई हसल्या. रडल्याही, पण आधी हसल्या. आणि तिथून जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. लहानपणी नैवेद्याचे मोदक चोरून माळ्यावर बसले होते ते आईंनी सांगितलं. कटाची आमटी दुसऱ्या दिवशीच लागते म्हणून पहिल्या दिवशी पातेल्यावर ताट झाकून त्यावर वरवंटा ठेवायचे, ते दिरांनी सांगितलं. यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. त्या दुपारी दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. माझा नवरा मला त्या स्वयंपाकघरात पुन्हा पुरता भेटला, अगदी शाळकरी मुलापासून. म्हणून मी म्हणते, भेटीला जायचं तर बाहेरच्या खोलीत बसू नका. आत जा, लसूण सोला, आणि त्या माणसाला काय आवडायचं ते विचारा.

आता ओटीचं. पूजा झाली आणि भावकीतल्या एक वडीलधाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, ‘स्वयंपाक सूनबाईंनी केला ते ठीक. ओटी तेवढी धाकटीनं भरू दे.’ वाईट मनानं नव्हे, त्यांनी जन्मभर तेच पाहिलं. मी मागे सरकले होते. आईंनी माझं मनगट धरलं. ‘यांचे वडील गेले तेव्हा मी चाळिशीचीही नव्हते,’ त्या म्हणाल्या. ‘तेव्हापासून मी या गौरींना दाराआडून बघते. माझं पुरण त्यांना चालतं, माझा हात चालत नाही. हिला मी त्या दाराआड उभी करणार नाही.’

मी म्हटलं, ‘मग आई, आधी तुम्ही.’

खण, नारळ, हळकुंड, सुपारी सगळं ताटात होतं. त्यांना ओंजळीत तांदूळ धरवेना, हात थरथरत होते, दाणे खाली सांडत होते. एकदा, दोनदा, पाच वेळा त्यांनी ज्येष्ठेच्या ओटीत तांदूळ घातले, मग कनिष्ठेच्या. कुंकू लावताना त्या पुटपुटल्या, ‘बाई, किती वर्षांनी गं.’ नंतर मी भरली, मग जाऊबाईंनी. त्या वडीलधाऱ्या बाई प्रसाद घेऊनच गेल्या.

माझी श्रद्धा होती का त्या दिवशी, असंही एकीनं विचारलं होतं. जूनमध्ये नव्हती. देवघराकडे बघवत नव्हतं, दिवा मुलगी लावायची. पण गौर ही मला कधी नवस फेडून घेणारी देवी वाटलीच नाही. ती माहेरवाशीण, तीन दिवसांसाठी येते, भाजी-भाकरी खाते, पुरण खाते, जाते. तिच्याकडे ‘का नेलंस’ असं विचारायचं नसतं, तिला जेवायला वाढायचं असतं. ते मला जमलं. बाकीच्या देवांशी बोलायला आणखी बराच काळ लागला. विसर्जनाच्या अक्षता टाकताना गुरुजी ‘पुनरागमनाय च’ म्हणाले तेव्हा मात्र मला तिथं उभं राहवलं नाही, मी आत निघून गेले. जाऊबाईंनी पुढचं केलं.

दिवाळी आम्ही केली नाही. घरात कुणी गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला कढई चढवायची नाही, फराळ नातलगांनी आणायचा, ही आमच्याकडची रीत, आणि ती फार शहाणी रीत आहे. गौरींत मला कामाची गरज होती, दिवाळीपर्यंत मी थकले होते. डबे येत राहिले: काटेरी चकल्या, जाड कडबोळी, एका घरचे लाडू तर फुटता फुटेनात. मुलांनी सगळं खाल्लं. धनत्रयोदशीला यमासाठी कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून लावला, तेवढं एक आईंनी सोडलं नाही.

तर, तुमच्याकडे या वर्षी असं असेल आणि गौरी बसवाव्यात की नाही हे ठरत नसेल, तर आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारा, तिच्या मनात काय आहे ते. ते कुणी विचारत नाही. बसवायचं ठरलं तर सोळा भाज्यांचा हट्ट नको, पुरण आणि आमटी पुरे. पुरणही झेपत नसेल तर दूधसाखर ठेवा. एकटीनं करू नका, जाऊ, नणंद, शेजारीण, जी येते म्हणेल तिला येऊ द्या, आणि मुलग्यांनाही आत बसवा. ओटी मात्र स्वतः भरा. त्यावरून कुणी काही बोललं तर मला फोन करा, मी आईंना देते. त्या अजून खणखणीत बोलतात.