30 सप्टेंबरला मॅडम फोन का उचलत नाहीत?

टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट भरायची शेवटची तारीख 30 सप्टेंबर. त्या दिवशी सकाळी अकरा ते एक मी फोन उचलत नाही आणि आमच्या सीए ऑफिसात कोणी फाइलला हात लावत नाही. दर वर्षी कोणी ना कोणी क्लायंट विचारतोच, "मॅडम, वर्षभरात नेमका हाच दिवस सापडला का तुम्हाला?" कारण भूकंपाची आठवण आहे हे कळलं की पुढचा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो : "तुमचं कोणी होतं का किल्लारीला?"

नव्हतं. नात्यातलं नाही, ओळखीतलंही नाही.

आणि दिवस काही मी निवडलेला नाही. 1993 साली 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या शिवेवर जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून गावं उशिरा झोपली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी अशी गावंच्या गावं बसली. सरकारी मोजणीत 7,928 माणसं गेली, आणि 10,000 च्या आसपासचा आकडाही सांगितला जातो. माझ्या धंद्यात दोन आकडे जुळले नाहीत तर सही होत नाही. इथे तफावत दोन हजार माणसांची आहे, आणि ती दर वर्षी तशीच पुढे ओढली जाते.

26 नोव्हेंबरला मुंबईत काय झालं हे कोणाला सांगावं लागत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या आठवणीसमोर एक शत्रू उभा आहे. राग आठवणीला झोपू देत नाही. भूकंपावर रागवायचं कसं? मग किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहिली जाते, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, आणि त्या दोन जिल्ह्यांबाहेर तो दिवस म्हणजे सहामाहीची अखेर, एवढंच.

खरं तर रागवण्यासारखं तिथे पुष्कळ होतं. 6.2 तीव्रतेचा भूकंप जगाच्या मानाने मध्यम म्हणायचा. माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाडीची दगड-मातीची भिंत बाहेरून बुलंद दिसते, पण असतात त्या दोन भिंती : एक आतला थर, एक बाहेरचा, आणि मध्ये गोटे नि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवायला मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. तो बहुतेक घरांत नव्हता. वर माळवद, म्हणजे लाकडी दांड्यांवर मातीचा जाड थर. गळायला लागलं की त्यावर आणखी माती. उन्हाळ्यात गारवा, खर्च कमी. वाईट घर कोणी मुद्दाम बांधलं नव्हतं. धक्का बसला तसे थर एकमेकांपासून सुटले आणि झोपलेल्यांच्या अंगावर दगड नि माती आली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या.

त्यातून त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा सगळा भाग पहिल्या झोनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. दख्खनचं पठार हलणार नाही अशी समजूत. 1992 पासून किल्लारीत धक्के जाणवत होते, तरीही. लातूर तिसऱ्या झोनमध्ये गेलं ते 2002 च्या नकाशात.

पुनर्वसनाचा भाग मी हिशेबनिसाच्या डोळ्यांनी वाचते, सवयच ती. 52 गावं नव्या जागी हलवली. घर किती मोठं मिळणार ते जमिनीवर ठरलं : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्यांना 450, मोठ्या शेतकऱ्यांना 750. अधिकाऱ्यांची अडचण मला कळते. ढिगाऱ्यात उभं राहून लाखो माणसांचं काही ठरवायचं तर सातबाऱ्याइतका पक्का कागद दुसरा नव्हता. पण ज्याच्याकडे आधीच काही नव्हतं त्याच्या वाट्याला सर्वांत लहान घर आलं, ही नोंद मला टोचते.

तर त्या दोन तासांत आम्ही काय करतो? दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळणं माझ्याच्याने जमत नाही; दुसऱ्या मिनिटाला डोक्यात इन्कम टॅक्सचं पोर्टल गोल गोल फिरायला लागतं. त्यापेक्षा आम्ही वाचतो. कोणीतरी त्या भूकंपावरचा लेख, अहवालातलं एखादं प्रकरण शोधून आणतो आणि मोठ्याने वाचतो. आमचे सगळे आर्टिकल्स, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणारी मुलं, त्या पहाटेनंतर जन्मलेले. त्यांना ‘आठवा’ म्हणण्यात अर्थ नाही, आधी माहीत करून द्यावं लागतं. मुदतवाढ मिळालेली असली तरी वाचन 30 लाच होतं, हे जाता जाता सांगते.

गेल्या वेळी भिंतीचं प्रकरण निघालं. उदगीरकडचा एक मुलगा ऐकता ऐकता म्हणाला, "मॅडम, आमच्या घरात आरपार दगड आहे का, हे कसं कळणार?" बाहेरून सहसा कळत नाही, पण भिंत मध्येच फुगली असेल तर थर सुटायला लागलेत असं समजावं, असं त्या अहवालातच होतं. त्याने तिथूनच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

"न्हाणीकडच्या भिंतीला पोट आलंय की," वडील म्हणाले. "पर ते माझ्या लग्नाच्या आधीपास्नं हाय. काय होतंय त्याला?"

माळवदावरची माती तरी कमी करा, असं तो सांगत राहिला. पाऊस थांबू दे, बघू, असं उत्तर आलं. दिवाळीला गावी गेल्यावर तो भिंतीचे फोटो काढून पाठवणार आहे. ते मी आमच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअर क्लायंटला दाखवीन. त्यांचाही रिपोर्ट शेवटच्या तारखेलाच भरला होता, तेव्हा नाही म्हणायचे नाहीत.