दीडशे अक्षरांत वेचणी

बारावीत असताना मी अमेरिकेतल्या सहा कॉलेजांना अर्ज केले. गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरी साडेचार एकर कोरडवाहू वावर. हार्वर्डमध्ये शंभरातल्या जेमतेम तीन-चौघांचा नंबर लागतो, हे ठाऊक होतं. पण हार्वर्ड, येल, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा काही ठिकाणी परदेशी पोराची ऐपत बघून अर्ज बाजूला टाकत नाहीत आणि घेतलं तर गरजेइतका खर्च उचलतात, हेही कळलं होतं.

कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज. त्यात मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. पहिला मी शेतकरी आत्महत्येवर लिहिला. विदर्भातला पोरगा म्हटल्यावर त्यांना हेच हवं असणार, असा माझा हिशेब. ओळखीच्या ताईनं वाचून विचारलं, "तुमच्या घरात असं झालंय?" नाही. "मग हे कोणाचं लिहिलंस?"

त्याच अर्जात उपक्रमांच्या दहा जागा, वर्णनाला प्रत्येकी दीडशे अक्षरं. माझ्याकडे एनएसएसचं एक प्रमाणपत्र. संध्याकाळी काय करतोस, ताईनं विचारलं. कापूस वेचणीचं वजन लिहितो. त्या यादीत घरची जबाबदारी हाही एक प्रकार असतो, हे तेव्हा कळलं. बाबा हसले, "हे काय लिवाची गोष्ट हाय काय?"

निबंधही मग वजनकाट्यावरच लिहिला. सकाळचा कापूस दवानं जड भरतो, म्हणून बाबा गाठोड्यामागं अर्धा किलो कापायचे आणि बाया रोज भांडायच्या. मी सकाळची गाठोडी वेगळी ठेवून उन्हात वाळल्यावर पुन्हा तोलायला लागलो. घट कधी पावशेर निघायची, कधी त्याहून कमी. बाबा आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

शिफारसपत्रात सरांनी लिहिलं होतं, "सदर विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे." खाली शिक्का. तिकडच्यांना हवं असतं पोरगं वर्गात काय विचारतं ते. मी सरांना आठवण दिली, की काटा तपासायला प्रयोगशाळेतली वजनं मागितली होती. "अरे हो!" म्हणत त्यांनी दीड पान लिहिलं. गुणपत्रिका नववीपासूनच्या लागतात. त्यासाठी जुन्या शाळेत चार चकरा.

सगळ्यात जड गेला पैशांचा फॉर्म. कापूस विकला किती ते सांगता येतं, कृषी केंद्राची उधारी कोणत्या रकान्यात टाकायची? ती वेगळ्या पत्रात लिहून सातबारा जोडला.

मार्चअखेर पाच नकार, कारण कोणीच कळवलं नाही. एका छोट्या कॉलेजचा होकार, फी आणि राहणं-जेवण माफ. बाबांनी एवढंच विचारलं, विमानाचं तिकीट त्यात धरलंय का. धरलं नव्हतं.